अमेरिकेतील यादवी युद्ध आणि सैनिकांचे बंधुसंघ



आजचा विषय वरकरणी फार दूरचा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध झाले. त्यात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. युद्ध संपल्यावर जे सैनिक जिवंत परतले त्यांनी आपापले संघ काढले, मेळावे भरविले, मृतांच्या थडग्यांवर फुले वाहिली, आणि सरकारकडून निवृत्तिवेतन मिळविले. या संघांची हकीकत मी आपणांस सांगणार आहे. हिच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील, तर त्याला मी १८७३ सालातील एका मराठी ग्रंथाची आठवण देईन. महात्मा जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केले. त्या वेळी कायद्याने गुलामगिरी नष्ट होऊन आठ वर्षे होत आली होती. जोतीरावांनी ज्यांचा गौरव केला त्या लोकांनी पुढे आपल्या मुक्त झालेल्या बांधवांशी कसे वर्तन केले, हे जाणून घेण्याचा अधिकार जोतीरावांच्या वाचकांना निश्चित आहे.

प्रथम सैन्याची गोष्ट. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लक्ष ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते आणि आरमारात सुमारे १९ हजार. त्यांतील पुष्कळजण युद्धापूर्वी गुलाम होते. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर वेतन मिळे. काळ्या शिपायास १० डॉलर, आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांबद्दल कापून घेतले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हे उणे वेतन घेण्याचे साफ नाकारले. त्यांच्या प्रांताने वरचा फरक आपल्या तिजोरीतून भरून देऊ केला, तोही त्यांनी घेतला नाही. घरी बायकामुले उपाशी होती, १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरच्या तटावर पलटण कापली गेली होती, तरी ही माणसे बिनपगारी लढत राहिली. कारण प्रश्न तीन डॉलरांचा नव्हता, समान मानण्याचा होता. अखेर जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला.

युद्ध संपल्यावर मे १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून विजयी फौजांचे दोन दिवस संचलन झाले. त्या संचलनात एकही काळी पलटण नव्हती. शर्मनच्या फौजेबरोबर काही काळी माणसे चालली, पण त्यांच्या खांद्यावर कुदळी-फावडी होती. पुढे १४ नोव्हेंबर १८६५ रोजी पेन्सिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे कृष्णवर्णीय नागरिकांनी स्वतःच आपल्या सैनिकांचे संचलन घडवून आणले. आपल्या शूरांचा सत्कार दुसऱ्यांनी केला नाही तर आपण करावा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता संघांकडे येऊ. ६ एप्रिल १८६६ रोजी इलिनॉय प्रांतातील डेकेटर या गावी बेंजामिन स्टीफन्सन नावाच्या लष्करी डॉक्टराने 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' हा उत्तरेच्या माजी सैनिकांचा संघ स्थापन केला. त्याची ब्रीदे तीन : बंधुत्व, दानधर्म आणि निष्ठा. गावच्या शाखेस 'पोस्ट' म्हणत, प्रांतातील शाखांचा मिळून एक विभाग होई, आणि वर्षातून एकदा राष्ट्रीय अधिवेशन भरे, त्याला ते 'छावणी' हेच नाव देत. शाखेच्या बैठकीत सेनापती काय नि शिपाई काय, सगळे एकमेकांना 'कॉम्रेड' म्हणत. छातीवर पितळी तारा असे. शेकोटीभोवती बसून युद्धातलीच कडक बिस्किटे, शेंगदाण्यांएवढ्या घेवड्याची उसळ आणि कॉफी घेत जुन्या लढायांच्या गोष्टी चालत. या संघाने गरीब सैनिकांची प्रेते सन्मानाने पुरली, विधवांना मदत दिली, सैनिकांसाठी आणि अनाथ मुलांसाठी आश्रम मिळविले.

प्रारंभी संघाने एक घोडचूक केली. १८६९ साली सभासदांच्या तीन पायऱ्या पाडल्या आणि एका पायरीवरून दुसरीवर चढण्यासाठी विधी ठरविले. लोकांना त्याचा वीट आला. बरोबरीने लढलेल्या माणसांना बैठकीत पुन्हा वरची-खालची पायरी कशास हवी? दोनच वर्षांत ही व्यवस्था मोडीत निघाली, तथापि गळती थांबली नाही. १८७६ च्या सुमारास सभासद अवघे २७ हजारांच्या आसपास उरले होते. त्यानंतर मात्र निवृत्तिवेतनाची चळवळ संघाने हाती घेतली आणि १८९० मध्ये सभासदसंख्या चार लक्षांच्या वर गेली.

या निवृत्तिवेतनाविषयी मी वकील या नात्याने थोडे अधिक बोलणार आहे. १८७९ साली थकबाकीचा कायदा झाला. १८८७ साली अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी पुढचे विधेयक नामंजूर केले, तेव्हा संघ खवळून उठला. १८९० साली अध्यक्ष हॅरिसन यांच्या सहीने, नव्वद दिवस नोकरी केलेल्या आणि अंगमेहनतीस असमर्थ झालेल्या प्रत्येक माजी सैनिकास वेतन मिळू लागले. हॅरिसन स्वतः या संघाचे सभासद होते. पुढल्या काही वर्षांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोनपंचमांश रक्कम या वेतनावर जाऊ लागली. संघटित मतदारांची मागणी राज्यकर्त्यांना किती लवकर पटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. या युद्धापोटीचे शेवटचे वेतन २०२० सालापर्यंत एका सैनिकाच्या वृद्ध मुलीला मिळत होते, दरमहा ७३ डॉलर १३ सेंट.

कायदा लिहिताना काळा-गोरा हा भेद केलेला नव्हता. परंतु कायद्यातील अक्षर आणि अर्जदाराच्या हातातील कागद यांच्यामध्ये केवढी दरी असते ती पाहा. अर्जदाराने आपला जन्म केव्हा झाला हे दाखवावे, असे कचेरी म्हणे. गुलामाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? ठेवली असेल तर ती मालकाच्या वहीत, गुराढोरांच्या शेजारी. विधवेने आपले लग्न सिद्ध करावे, असे कचेरी म्हणे. गुलामांच्या लग्नाला दक्षिणेतील कायदा लग्नच मानीत नव्हता. मालक हवा तेव्हा नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे विकीत असे. मग जिचा नवरा रणात पडला त्या स्त्रीने दाखला आणावा कोठून? पुष्कळ शिपायांनी भरतीच्या वेळी मालकाचे आडनाव लावले होते आणि मुक्त झाल्यावर ते टाकून नवे घेतले होते. आता एकाच माणसाची दोन नावे झाली, आणि दोन नावांचा माणूस कारकुनाच्या दृष्टीने लबाड ठरला.

यावर काँग्रेसने जुलै १८६४ मध्ये जी तरतूद केली ती प्रत्येक कायदेपंडिताने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काळ्या सैनिकाच्या विधवेने लग्नाचा दाखला आणण्याची गरज नाही. ती दोघे एकमेकांस नवराबायको मानून भरतीपूर्वी निदान दोन वर्षे एकत्र राहिली होती, असे विश्वासू साक्षीदारांनी शपथेवर सांगितले की पुरे. पुढे या नियमात आणखी सवलती झाल्या. ज्यांचे नाते कायद्याने कधी पाहिलेच नव्हते, त्यांच्यासाठी कायद्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहण्याचे मान्य केले. त्यामुळे सहस्रावधी साक्षी लिहिल्या गेल्या. कोणी कोणाच्या लग्नात जेवला, कोणाचे मूल कोणत्या पिकाच्या हंगामात जन्मले, कोणत्या मालकाने कोणाला कोठे विकले, हे सारे त्यांत आहे. गुलामांच्या घरांचा असा इतिहास अन्यत्र क्वचितच सापडेल. तरीही नंतर अभ्यासकांनी अर्जांचे नमुने तपासले तेव्हा काळ्यांचे अर्ज गोऱ्यांच्या मानाने कमी मंजूर झाल्याचे दिसून आले. चौकशीसाठी येणारा अधिकारी गोरा असे, काळ्या साक्षीदाराच्या शब्दाला वजन कमी दिले जाई, आणि निरक्षर अर्जदार दलालाच्या हाती सापडे. आपल्यातील ज्या भगिनींनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर कचेरीचे उंबरे झिजविले आहेत, त्यांना ही हकीकत विस्ताराने सांगण्याची जरुरी नाही.

संघाची दुसरी मोठी कामगिरी म्हणजे थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस. संघाचे सरसेनापती जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी आज्ञापत्र काढून ३० मे हा त्यासाठी नेमून दिला. आज तो साऱ्या अमेरिकेत स्मृतिदिन म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो. मात्र लोगनच्या आज्ञेपूर्वी तीन वर्षे, १ मे १८६५ रोजी, दक्षिणेतील चार्ल्सटन शहरी काय घडले ते ऐका. तेथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात उत्तरेचे कैदी कोंडलेले असत. त्यांतील २५७ जण मेले आणि सामुदायिक खड्ड्यांत टाकले गेले. शहर मुक्त होताच तेथील काळ्या कामकऱ्यांनी ती प्रेते काढून एकेक करून नीट पुरली, भोवती कुंपण घातले, आणि त्या दिवशी सुमारे दहा हजार लोकांची मिरवणूक काढून फुले वाहिली. मिरवणुकीच्या अग्रभागी काळ्या मुलांच्या शाळा होत्या. पुढे हे सारे विसरले गेले. विसाव्या शतकाच्या शेवटी इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी जुन्या कागदांतून ते पुन्हा वर काढले.

फुले वाहण्याचा दिवस हळूहळू दोन्ही पक्षांच्या मृतांना सारखेच वंदन करण्याचा दिवस होऊ लागला. ३० मे १८७८ रोजी न्यूयॉर्क येथे संघाच्या एका शाखेपुढे फ्रेडरिक डग्लस यांचे भाषण झाले. डग्लस हे स्वतः गुलामीतून पळून आलेले, आणि त्यांचे दोन मुलगे ५४ व्या पलटणीत भरती झालेले. त्यांनी बजावले की या युद्धात एक बाजू न्यायाची होती आणि एक अन्यायाची, आणि कोणत्याही कोमल भावनेच्या भरात हा भेद पुसू देऊ नये. मृत शत्रूविषयी सूडबुद्धी नको, परंतु तो कशासाठी लढला हेही विसरावयाचे नाही, इतके सरळ हे म्हणणे होते.

आता संघातील बंधुत्वाची खरी परीक्षा. संघाच्या घटनेत वर्णाची अट नव्हती. सन्मानाने सेवामुक्त झालेल्या कोणाही सैनिकास प्रवेश होता. परंतु नव्या सभासदाच्या निवडीसाठी गुप्त मतदान होई. पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकावयाची. काळ्या गोळीने काळा माणूस बाहेर ठेवणे सोपे होते, आणि कारण सांगावे लागत नसे. म्हणून पुष्कळ ठिकाणी काळ्यांच्या वेगळ्या शाखा झाल्या. पिट्सबर्ग येथील शाखेने ५४ व्या पलटणीचा गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याचे नाव घेतले. परंतु हेही सांगितले पाहिजे की शेकडो शाखांत काळे आणि गोरे एकत्र बसत, काळे सभासद पदाधिकारीही होत. बार्बरा गॅनन या विदुषीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शाखांचा शोध घेतला आहे. त्या काळात अमेरिकेत दुसरी इतकी मोठी संस्था नव्हती जीत काळा आणि गोरा एकाच छपराखाली एकमेकांस 'कॉम्रेड' म्हणत. जे होते ते नाकारून आपला पक्ष बळकट होत नसतो.

१८९० साली लुइझियाना प्रांताने आगगाडीत काळ्यांसाठी वेगळे डबे असावेत असा कायदा केला. त्याच सुमारास त्याच प्रांतातील संघाच्या गोऱ्या सभासदांनी काळ्यांच्या शाखांचा विभाग वेगळा करा, अशी मागणी राष्ट्रीय संघाकडे केली. एकाच विभागात राहिलो तर काळ्यांच्या बहुमताखाली बसावे लागेल, हे त्यांचे दुःख होते. संघाच्या वरिष्ठ वर्तुळातही या मागणीस अनुकूल माणसे होती. १८९१ मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात प्रश्न आला. आणि त्या अधिवेशनाने मागणी फेटाळली. राष्ट्र बुडण्याच्या बेतात असताना जो माणूस निशाण आणि शत्रू यांच्या मधे उभा राहण्यास योग्य होता, तो संघाच्या कोणत्याही विभागात कॉम्रेड होण्यासही योग्य आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. संसदेने आणि न्यायालयांनी जे तत्त्व त्या दशकात टाकून दिले, ते म्हाताऱ्या शिपायांच्या एका सभेने राखले.

न्यायालयाचे सांगतो. लुइझियानाच्या त्याच कायद्याखाली होमर प्लेसी यास १८९२ साली गाडीतून उतरवून अटक झाली, आणि १८ मे १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या न्यायाने कायदा वैध ठरविला. त्या न्यायासनावर दोन्ही सैन्यांतील माणसे बसली होती. न्यायमूर्ती व्हाइट दक्षिणेकडून लढलेले. ते बहुमतात होते. न्यायमूर्ती हार्लन उत्तरेच्या सैन्यातील कर्नल; गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेले, पण विरुद्ध निकाल लिहिणारे ते एकटेच.

या निकालानंतर दोन वर्षांनी त्याच लुइझियानात एक आई आपल्या मुलाला भेटावयास गेली. तिचे नाव सूझी किंग टेलर. जॉर्जियात गुलामीत जन्मली, चोरून लिहावाचावयास शिकली, आणि युद्धात काळ्या पलटणीबरोबर राहून तिने सैनिकांचे कपडे धुतले, जखमा बांधल्या आणि त्यांना अक्षरे शिकविली. या कामाचे तिला वेतन मिळाले नाही. तिचा पहिला नवरा एडवर्ड किंग त्याच पलटणीत सार्जंट होता. १८८६ साली बोस्टन येथे संघाच्या भगिनीसंस्थेची, 'वुमन्स रिलीफ कोअर'ची, ६७ क्रमांकाची शाखा काढण्यात तिचा हात होता आणि १८९३ मध्ये ती तिची अध्यक्षा झाली. १८९८ मध्ये श्रीव्हपोर्ट येथे मुलगा आजारी असल्याचे तिला कळले. त्याला उत्तरेस घरी आणावयाचे तर निजून येण्याजोगी शय्या गाडीत हवी होती. काळ्यास ती विकत मिळाली नाही. मुलगा तेथेच वारला. १९०२ साली तिने आपल्या आठवणी छापल्या, त्यांत ती विचारते की ज्या निशाणासाठी बाप लढला, त्याच निशाणाखाली मुलाला मरण्यासाठी घरी येण्यापुरतीही जागा मिळू नये काय? डेट्रॉइटच्या ठरावाने संघाचे दार उघडे राहिले होते. आगगाडीचे दार उघडण्यासाठी मात्र संघाने आपली चार लक्ष मते कधी पणास लावली नाहीत. निवृत्तिवेतनासाठी अध्यक्ष बदलणारी ही संघटना काळ्या बांधवांचा मताधिकार दक्षिणेत हिरावला जात असता स्वस्थ राहिली. बोस्टन येथे ऑगस्ट १८८७ मध्ये काळ्या माजी सैनिकांनी आपला स्वतंत्र मेळावा भरविला आणि दक्षिणेतील अत्याचारांचा निषेध केला, तो त्यामुळेच.

दक्षिणेकडील पराभूत सैनिकांनी १० जून १८८९ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे आपला संघ स्थापिला, 'युनायटेड कॉन्फेडरेट व्हेटरन्स'. त्यांनाही म्हातारपण होते, जखमा होत्या, आणि मध्यवर्ती सरकारचे वेतन त्यांना नव्हते. त्यांच्या प्रांतांनी थोडेफार दिले. याबद्दल सहानुभूती वाटण्यास हरकत नाही. परंतु या संघाने आणि १८९४ मध्ये निघालेल्या दक्षिणी कन्यांच्या संघाने हाती घेतलेले मुख्य काम इतिहास बदलण्याचे होते. युद्ध गुलामगिरीसाठी झालेच नाही, प्रांतांच्या हक्कांसाठी झाले, आणि मालक दयाळू होते, असे मुलांनी शिकावे म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तके तपासण्यासाठी समित्या नेमल्या. १९१९-२० च्या सुमारास मिल्ड्रेड रदरफोर्ड या बाईंनी एक मापदंडच छापला. जे पुस्तक दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे म्हणेल ते नाकारावे, आणि ग्रंथालयात असेल तर त्याच्या मुखपृष्ठावर 'दक्षिणेस अन्यायकारक' असे लिहून ठेवावे!

वकिलाने अशा वेळी पक्षकाराचे स्वतःचे कागद उघडावेत. मिसिसिपीने १८६१ साली फुटून निघताना जे जाहीर कारणपत्र लिहिले, त्याच्या आरंभीच आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे नमूद आहे. दक्षिणेचे उपाध्यक्ष स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सवाना येथे सांगितले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या राज्याचा कोनशिला-पाषाण होय. तीस वर्षांनी त्यांचेच शिपाई म्हणू लागले की तसे काही नव्हतेच.

जुलै १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर लढाईच्या पन्नासाव्या वर्षी दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून अधिक वृद्ध सैनिक जमले. ज्या दगडी गडग्यापाशी एकमेकांस कापले होते तेथे त्यांनी हात मिळविले. ४ जुलै रोजी अध्यक्ष विल्सन बोलले. भांडण विसरले गेले आहे, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता. भांडण कशाबद्दल होते ते त्यांनी सांगितले नाही. काळे सैनिक त्या सोहळ्यात जवळजवळ दिसत नाहीत. काळी माणसे दिसतात ती तंबू उभारणारी आणि घोंगड्या वाटणारी. त्याच वर्षी विल्सन यांच्या सरकारने मध्यवर्ती कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना वेगळे बसविण्यास आरंभ केला. दोन भावांनी गळ्यात गळा घातला, पण वाटा ज्याचा मारला होता तो तिसरा अंगणाबाहेरच उभा राहिला. आणि त्याच जुलै महिन्यात, तिसऱ्या आठवड्यात, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले.

आपल्याकडील निवृत्त लष्करी मंडळींचा उल्लेख येथे ओघाने येतो. १८८६ साली सेवानिवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर, आणि १९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविणारे शिवराम जानबा कांबळे, यांच्या चळवळीचा पाया पेन्शनर शिपायांचाच होता. फरक इतकाच की यांच्यापाशी मते नव्हती, म्हणून यांचे अर्ज अर्जच राहिले.

ग्रँड आर्मीचे शेवटचे अधिवेशन १९४९ साली इंडियानापोलिस येथे भरले. सहा सभासद येऊ शकले. शेवटचा सभासद, युद्धात नगारा वाजविणारा पोऱ्या म्हणून भरती झालेला अल्बर्ट वुलसन, वयाची शंभरी ओलांडून २ ऑगस्ट १९५६ रोजी मिनेसोटातील डलूथ येथे वारला. नागपूरच्या धम्मदीक्षेस तेव्हा अडीच महिनेही उरले नव्हते. त्याच्याबरोबर संघही संपला. त्याचे दप्तर वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात गेले. दक्षिणेच्या संघाचा शेवटचा मेळावा १९५१ मध्ये नॉरफोक येथे झाला होता. त्याच्या मुलांचा आणि कन्यांचा संघ मात्र आजही आहे.

काळ्या सैनिकांचे स्मारक वॉशिंग्टनमध्ये १९९८ साली उभे राहिले. १८६५ च्या संचलनात ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांच्या पलटणींची, त्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांसह, २ लक्ष ९ हजार १४५ नावे तेथील भिंतीवर पोलादी पत्र्यांत कोरली आहेत. वेतनाच्या अर्जांच्या फायली राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. ज्या नातवंडा-पणतवंडांना आपल्या घराण्याचे नाव शोधावयाचे असते, ती या दोन्ही ठिकाणी जातात; आणि पुष्कळदा त्यांना पणजीच्या लग्नाची हकीकत सापडते ती शेजारणीने शपथेवर सांगितलेली, खाली फुलीची खूण केलेली.